शाहीर अमर शेख : गाता शब्द, छापील संहिता आणि मराठी समीक्षेपुढील प्रश्न

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील मराठी शाहिरीचा विचार करताना अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ही तीन नावे एकत्र घेतली जातात. यांपैकी अण्णा भाऊंच्या कथा-कादंबऱ्यांमुळे त्यांच्या वाङ्मयाचा स्वतंत्र अभ्यास झाला, अद्यापही होत आहे. अमर शेख यांच्या वाट्याला मात्र गौरव पुष्कळ आणि समीक्षा थोडी आली. 'पहाडी आवाजाचा शाहीर', 'जनतेचा शाहीर', 'संयुक्त महाराष्ट्राचा बुलंद आवाज' अशी विशेषणे त्यांच्या नावाला कायमची चिकटली. आचार्य अत्रे यांनी तर त्यांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हटले. परंतु ही विशेषणे ज्या गुणाकडे बोट दाखवितात तो गुण, म्हणजे आवाज, समीक्षेच्या कक्षेत कसा आणावयाचा याचा विचार झालेला नाही. परिणामी वाङ्मयेतिहासात अमर शेख दोन ठिकाणी विभागले गेले. चळवळीच्या इतिहासात ते गायक म्हणून येतात आणि काव्याच्या इतिहासात दोन-तीन संग्रहांचे कवी म्हणून येतात. या दोहोंना जोडणारा दुवा सापडत नाही.

अमर शेख यांची कारकीर्द ही स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतः गाणाऱ्या कलावंताची कारकीर्द आहे. तिचे मोजमाप केवळ छापील संहितेवर केल्यास तिच्यावर अन्याय होतो आणि केवळ आवाजाच्या आठवणीवर केल्यास तिचे मूल्यमापनच होत नाही. प्रस्तुत लेखात या पेचाच्या आधारे त्यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) अमर शेख यांच्या जडणघडणीतील सोलापूर जिल्ह्याच्या सामाजिक व सांस्कृतिक पार्श्वभूमीचा शोध घेणे.
२) त्यांच्या कारकिर्दीत आवाज, शब्द आणि सभा यांचे परस्परसंबंध कसे बदलत गेले ते पाहणे.
३) १९६० नंतरच्या त्यांच्या वाटचालीचे 'उतरता काळ' या रूढ समजुतीपलीकडे जाऊन मूल्यमापन करणे.
४) गायिलेल्या काव्याच्या समीक्षेसाठी कोणती दृष्टी आवश्यक आहे ते सुचविणे.

जडणघडण : बार्शी, गिरणी आणि लोकगीत

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी यांच्याकडून लोकगीतांचा संस्कार त्यांना लाभला. शिक्षण फारसे झाले नाही. बसगाडीवर क्लीनर म्हणून आणि पुढे कापडगिरणीत कामगार म्हणून त्यांनी पोट भरले. गिरणी कामगारांच्या लढ्यात ते ओढले गेले, तुरुंगात गेले आणि तेथूनच साम्यवादी विचारांशी त्यांचा संबंध दृढ झाला. पुढे ते काही काळ कोल्हापूरच्या चित्रसृष्टीच्या परिसरातही वावरले आणि 'अमर शेख' या नावाने ओळखले जाऊ लागले.

हा तपशील चरित्रात्मक असला तरी समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. घरातील स्त्रीच्या तोंडचे लोकगीत आणि गिरणीच्या दारातील सभा, या दोन गोष्टी त्यांच्या कवितेच्या मुळाशी आहेत. पहिल्या गोष्टीतून त्यांना चाल मिळाली. लोकगीतात शब्द आधी आणि चाल नंतर असे घडत नाही. दोन्ही एकाच वेळी जन्म घेतात. दुसऱ्या गोष्टीतून त्यांना श्रोता मिळाला. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला हा श्रोता पुस्तक वाचणारा नव्हता, मात्र गाण्यातले खरे-खोटे त्याला नेमके कळत असे.

सोलापूर जिल्ह्याची पार्श्वभूमीही येथे ध्यानात घ्यावी लागते. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि या शहराला व परिसराला कामगारवस्तीचे रूप येत गेले. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या वेळी अमर शेख चौदा वर्षांचे होते. धर्म आणि जात वेगवेगळी असलेले चार हुतात्मे एकाच दिवशी देणाऱ्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाने पुढे 'अमर' आणि 'शेख' ही दोन्ही पदे एकाच नावात वागविली, हा केवळ योगायोग मानला तरी त्यातून त्या काळाचे वातावरण कळून येते.

याच मातीत शाहिरीची आणखी जुनी परंपरा आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहीर राम जोशी हे मूळचे सोलापूरचे. पंडिती घराण्यात जन्म घेऊन तमाशाच्या फडावर उभे राहिलेल्या या कवीने संस्कृत पांडित्य आणि लावणीची चाल यांचा मेळ घातला आणि पुढे मोरोपंतांच्या संपर्कात आल्यावर कीर्तनाची वाट धरली. राम जोशी विद्वत्तेकडून फडाकडे आले. अमर शेख गिरणीकडून फडाकडे आले. दोघांच्याही बाबतीत छापील ओळ ही उत्तरकालीन गोष्ट आहे. आधी ऐकणारे होते, मग वाचणारे आले.

लाल बावटा कलापथक : सामूहिक कर्तृत्वाचा प्रश्न

१९४३ मध्ये मुंबईत 'इप्टा' ही अखिल भारतीय लोकनाट्य संघटना स्थापन झाली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. दुसरे महायुद्ध, बंगालचा दुष्काळ, कामगारांचे संप आणि स्वातंत्र्याची चाहूल यांनी भारलेला तो काळ होता. तमाशाचा पारंपरिक साचा घेऊन त्यातील आशय बदलण्याचे काम कलापथकाने केले. 'अकलेची गोष्ट' यांसारख्या वगांतून शेतकरी, सावकार, शेटजी आणि पुढारी रंगमंचावर आले. गणातील पारंपरिक देवस्तुतीच्या जागी श्रमिकांचे व भूमीचे स्तवन आले. तमाशाचे 'लोकनाट्य' होण्याच्या प्रक्रियेत या पथकाचा वाटा मोठा आहे.

या पथकात कामाची एक स्वाभाविक वाटणी होती. अण्णा भाऊ प्रामुख्याने लिहीत, अमर शेख प्रामुख्याने गात, तथापि दोघेही दोन्ही गोष्टी करीत. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड असो वा अमर शेखांची स्वतःची गीते असोत, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती 'कलापथकाची गाणी' होती. त्यामुळे लोकस्मृतीत कोणते गीत कोणाचे याची सरमिसळ झाली. छापील वाङ्मयाच्या दृष्टीने हा गोंधळ आहे, पण शाहिरीच्या दृष्टीने ती परंपरेची रीतच आहे. शाहीर पुढे उभा राहतो, मागे झीलकरी असतात, डफ, ढोलकी, तुणतुणे आणि झांज असते. शाहिराने टाकलेली ओळ झीलकरी उचलतात, ताणतात, परत देतात. त्या ओळीचा अर्थ या देवघेवीत पूर्ण होतो. एकट्या कवीने एकांतात लिहिलेली आणि एकट्या वाचकाने एकांतात वाचलेली कविता हा मराठी नवकाव्याने दिलेला नमुना येथे लागू पडत नाही.

ज्या काळात अमर शेख फडावर गात होते त्याच काळात बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितेने आणि सौंदर्यविचाराने मराठी समीक्षेची दिशा ठरविली. 'सौंदर्य आणि साहित्य' हा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मर्ढेकरांनी लयतत्त्वाचा जो विचार मांडला तो भावनानिष्ठ समतानतेसारख्या सूक्ष्म संकल्पनांपर्यंत पोहोचला. लयीला एवढे महत्त्व देणाऱ्या समीक्षेला समोरच्या मैदानात डफावर चाललेली लय ऐकू येऊ नये, हा मराठी समीक्षेच्या इतिहासातील विसंवाद म्हटला पाहिजे. याचे कारण केवळ वर्गीय पूर्वग्रहात शोधणे अपुरे ठरेल. त्या समीक्षेची साधनेच मुळात छापील पानासाठी घडविलेली होती. पानावर जे उरत नाही ते तिच्या दृष्टीने कलाकृतीचा भाग नव्हते.

संयुक्त महाराष्ट्र : आवाजाचे शिखर

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. नोव्हेंबर १९५६ मध्ये अत्रे यांचे दैनिक 'मराठा' सुरू झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीला मोठे यश मिळाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या चार-पाच वर्षांत सभा हेच महाराष्ट्राचे प्रमुख सांस्कृतिक व्यासपीठ झाले होते. अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील या शाहिरांनी हे व्यासपीठ गाजविले.

या काळातील अमर शेखांच्या कामाचे वर्णन 'प्रचार' या शब्दाने करण्याची प्रथा आहे. प्रचार ते होतेच आणि त्यांनी ते कधी लपविले नाही. तथापि प्रचार हा शब्द वापरून थांबल्यास त्यातील कलात्मक कार्य दृष्टिआड होते. मोठ्या सभेत वक्ता तर्काने बोलतो. त्याचे म्हणणे पटते किंवा पटत नाही. शाहीर मात्र समोरच्या विखुरलेल्या लोकांना एका तालात आणतो. ध्रुपद परत आले की श्रोता आपोआप त्यात सामील होतो, आणि सामील झाल्यावर तो केवळ श्रोता राहत नाही. अमर शेखांच्या आवाजाची ताकद केवळ त्याच्या उंचीत वा दूरवर पोहोचण्यात नव्हती. समोरच्या माणसाला झीलकरी करून घेण्याची त्याची क्षमता ही खरी ताकद होती.

म्हणूनच त्या काळातील त्यांच्या गीतांची छापील संहिता आज वाचली असता काही वेळा उणी भासते. ओळींची पुनरुक्ती, थेट संबोधने, आवाहने आणि परिचित प्रतिमा यांनी ती भरलेली दिसते. पानावर पुनरुक्ती हा दोष ठरतो, तर सभेत ती श्रोत्याला आत येण्यासाठी उघडी ठेवलेली जागा असते. ही जागा भरणारी माणसे गेली की उरलेली संहिता रिकामी वाटणारच. या रिकामेपणाला कवीचे अपयश म्हणण्यापूर्वी ती संहिता कशासाठी लिहिली गेली होती हे विचारणे समीक्षकाचे कर्तव्य आहे.

छापील संहितेकडे वळताना : 'अमरगीत', 'कलश', 'धरतीमाता'

असे असले तरी अमर शेख हे केवळ फडावरचे गायक नव्हते. 'अमरगीत' हा त्यांचा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. 'कलश' हा काव्यसंग्रह १९५८ मध्ये आणि 'धरतीमाता' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही नियतकालिकेही त्यांनी चालविली. हा क्रम बोलका आहे. १९५१ च्या संग्रहाच्या नावात 'गीत' आहे. १९५८ पासून ते 'कवी' म्हणून वाचकापुढे येतात. म्हणजे चळवळ भरात असतानाच त्यांना पानावरच्या कवितेची गरज भासू लागली होती. चळवळ ओसरल्यामुळे ते कवितेकडे वळले, हे सोयीचे स्पष्टीकरण या कालक्रमात बसत नाही.

मायकोव्हस्कीशी केलेली तुलना येथे तपासून पाहावी लागते. व्लादिमीर मायकोव्हस्की (१८९३-१९३०) हा रशियन कवीही सभागृहे भरून कविता म्हणत असे. मात्र त्याने छापील पानावरील ओळींची मांडणीच बदलून टाकली. ओळ तोडून, पायऱ्यापायऱ्यांनी लिहून, बोलताना कोठे थांबावयाचे आणि कोठे जोर द्यावयाचा हे त्याने पानावरच दाखविले. अमर शेखांनी असा प्रयोग केला नाही. ते चालीवर विसंबून राहिले. चाल ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी संहिता पुरेशी होती. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी पानावर कोणतीही खूण ठेवलेली नाही. म्हणून ही तुलना कवीच्या वृत्तीपुरती योग्य आणि काव्यरचनेपुरती अपुरी आहे. अमर शेखांच्या छापील कवितेची मर्यादा त्यांच्या आशयात वा निष्ठेत आढळत नाही. आवाजासाठी पानावर पर्यायी व्यवस्था निर्माण न होणे ही ती मर्यादा आहे, आणि ती स्पष्टपणे नोंदविली पाहिजे.

ती व्यवस्था मराठीत पुढे वेगळ्या मार्गाने आली. नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ मध्ये आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला. सुर्वे यांनी कामगाराच्या बोलण्याची लय मुक्तछंदात आणली. ढसाळांनी वस्तीतील भाषेचा सारा उद्रेक पानावर मांडला. या दोन्ही कवींचा श्रोता आणि अमर शेखांचा श्रोता एकाच वस्तीतला आहे. फडावरील शब्द आणि मुक्तछंदातील शब्द यांच्यामधला जो टप्पा आहे त्यावर 'कलश' आणि 'धरतीमाता' हे संग्रह उभे आहेत. संक्रमणकाळातील कृती म्हणून त्यांचे वाचन झाल्यास त्यांतील ताण अधिक अर्थपूर्ण ठरतो.

१९६० नंतर : सभा पांगल्यावर

महाराष्ट्र राज्य झाले आणि ज्या सभेसाठी शाहीर गात होता ती सभा पांगली. चळवळीच्या कलावंताच्या वाट्याला हा प्रसंग येतोच. मागणी मान्य झाली तरी त्याचा मंच जातो आणि मागणी फेटाळली गेली तरी कालांतराने जातोच. या काळात अमर शेखांपुढे तीन वाटा होत्या, आणि त्या तिन्हींवरून ते काही अंतर चालले.

पहिली वाट चित्रपटाची. अत्रे यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटात ते यापूर्वीच दिसले होते. १९६१ मध्ये आलेल्या 'प्रपंच' या चित्रपटात त्यांनी गरीब कुंभाराची भूमिका केली. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत यांमुळे हा चित्रपट आजही स्मरणात आहे. यातील कुंभाराच्या चाकावरचे प्रसिद्ध गीत फडके यांच्या आवाजात आहे. ज्या कलावंताची सारी ओळख त्याच्या आवाजाने झाली, तो कलावंत रुपेरी पडद्यावर स्मरणात राहिला तो दुसऱ्याच्या आवाजातील गाण्याच्या संगतीने. यात कोणाचाही दोष नाही. पार्श्वगायन ही चित्रपटाची रीत आहे. पण चित्रपटाने अमर शेखांचा चेहरा घेतला आणि आवाज घेतला नाही, ही वस्तुस्थिती त्यांच्या कारकिर्दीवर प्रकाश टाकते.

दुसरी वाट पुस्तकाची. 'धरतीमाता' हा संग्रह याच काळातला. पुस्तकाने शब्द घेतले आणि चाल सोडून दिली, याची चर्चा वर केलीच आहे.

तिसरी वाट राष्ट्रीय संकटाच्या वेळच्या गायनाची. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी अमर शेख देशरक्षणासाठी गात उभे राहिले. साम्यवादी चळवळीच्या दृष्टीने हा काळ मतभेदांचा होता आणि १९६४ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष दुभंगला. अशा वेळी लाल बावट्याच्या शाहिराने घेतलेली भूमिका त्याच्या स्वतःच्या निर्णयाची साक्ष देते. प्रचाराचा शाहीर पक्षाच्या मुखाने बोलतो या समजुतीला येथे छेद जातो. या वाटेवर आवाज, शब्द आणि सभा हे तिन्ही घटक पुन्हा एकत्र आले. मात्र ही सभा संकटापुरतीच जमणारी होती.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ साठे यांचे निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेख यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते. लाल बावटा कलापथकाचे दोन प्रमुख शिल्पकार एकाच पावसाळ्यात गेले. चळवळीच्या कलावंताच्या संसाराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. त्यांची कन्या मलिका अमर शेख यांनी स्वतंत्र कवयित्री म्हणून ओळख मिळविली आणि १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन लिहिले. नामदेव ढसाळ यांच्यासोबतच्या सहजीवनाचे दाहक चित्रण हा त्या आत्मकथनाचा गाभा असला तरी, मंचावर उभ्या राहणाऱ्या पुरुषाच्या मागे घरात काय चालते हा प्रश्न त्याने मराठी वाचकापुढे ठेवला. शाहिरीच्या अभ्यासाने या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये.

एक तौलनिक उदाहरण : बिली ब्रॅग

सभा पांगल्यावर गाणारा कवी काय करतो, हा प्रश्न केवळ मराठी नाही. तुलनेसाठी इंग्लंडमधील बिली ब्रॅग या गायक-कवीचे उदाहरण उपयुक्त ठरते. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'पंक' नावाची बंडखोर संगीताची लाट उसळली. कामगारवस्त्यांतील तरुणांनी शास्त्रशुद्धतेची पर्वा न करता, मोजक्या स्वरांत, आपला संताप मांडला. ही लाट ओसरल्यावर जे कलावंत पुढे आले त्यांच्या संगीताला 'पोस्ट-पंक' म्हणजे पंकोत्तर असे म्हटले जाते. १९५७ मध्ये लंडननजीकच्या बार्किंग येथे जन्मलेल्या ब्रॅग यांनी याच वातावरणात, केवळ एक विद्युत गिटार घेऊन एकट्याने गायला सुरुवात केली. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९८३ मध्ये आली. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या प्रदीर्घ संपात त्यांनी संपकऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले. १९८५ मध्ये मजूर पक्षाच्या बाजूने तरुणांना वळविण्यासाठी कलावंतांनी उभारलेल्या 'रेड वेज' या उपक्रमात ते अग्रभागी होते. परंतु संप अपयशी ठरला आणि १९८७ च्या निवडणुकीत मजूर पक्षही हरला.

अमर शेखांची सभा विजयानंतर पांगली, ब्रॅग यांची पराभवानंतर. तरीही ब्रॅग यांची पुढील कारकीर्द अखंड राहिली. याचे कारण त्यांचा आवाज प्रारंभापासून ध्वनिमुद्रित होत होता. चळवळीतील गीत चळवळीनंतरही त्याच आवाजात ऐकता येत होते. याहून उद्बोधक घटना १९९८ मधील आहे. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री (१९१२-१९६७) यांनी लिहून ठेवलेली पुष्कळ गीते चालीवाचून पडून होती. गथ्री यांची कन्या नोरा यांनी ती ब्रॅग यांच्या हाती सोपविली. त्यांनी आणि 'विल्को' या अमेरिकन वाद्यवृंदाने त्यांना नव्या चाली दिल्या आणि 'मर्मेड ॲव्हेन्यू' ही ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली. तेथे शब्द होते, चाल नव्हती. तरीही जतन केलेल्या कागदांमुळे गाणे पुन्हा उभे राहिले.

ही तुलना दोघांना एका पंगतीत बसविण्यासाठी केलेली नाही. एकटा गिटारवादक आणि झीलकऱ्यांसह उभा राहणारा शाहीर यांत मूलभूत अंतर आहे. इंग्लंडमधील ध्वनिमुद्रण-व्यवसायाचा आधारही मराठी शाहिराला नव्हता. परंतु एका गोष्टीकडे ती लक्ष वेधते. गाणाऱ्या कवीचे मरणोत्तर आयुष्य जतनाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. अमर शेख आयुष्यभर जेवढे गायिले त्याच्या मानाने ध्वनिमुद्रित झालेले फारच अल्प आहे. त्यांच्या बाबतीत प्रामुख्याने शब्द उरले आणि शब्दांवरूनच निवाडा झाला.

गायिलेल्या काव्याच्या समीक्षेची दिशा

मराठीत पोवाड्यांच्या संकलनाची परंपरा जुनी आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, पुढे य. न. केळकर यांनी 'ऐतिहासिक पोवाडे' संपादित केले. या संकलकांचे ऋण मोठे आहे. परंतु गोंधळी व शाहीर यांच्या मुखातून उतरवून घेताना त्यांनी जे लिहून काढले ते शब्द होते. इतिहासाचे साधन म्हणून पोवाड्याकडे पाहिल्यामुळे घटना, नावे आणि शके यांना महत्त्व आले. चाल, ठेका, झील यांची नोंद गौण ठरली. विसाव्या शतकातील शाहिरीच्या अभ्यासाने हीच सवय पुढे चालविली. फरक इतकाच की इतिहासाच्या जागी विचारसरणी आली. शाहिराच्या गीतातून मार्क्सवादी आशय, वर्गजाणीव, प्रादेशिक अस्मिता काढून दाखविली जाते. ते गीत कसे गायिले गेले हे विचारले जात नाही.

यावर उपाय म्हणून तीन पातळ्यांवरील वाचन सुचविता येईल. पहिली पातळी संहितेची : शब्द, प्रतिमा, रचनाबंध. दुसरी पातळी सादरीकरणाची : चाल, ठेका, ध्रुपदाचे पुनरागमन, झीलकऱ्यांचा सहभाग, गद्य निवेदन आणि गायन यांची जोडणी. तिसरी पातळी सभेची : गीत कोठे, केव्हा, कोणापुढे गायिले गेले आणि श्रोत्यांनी त्यास कसा प्रतिसाद दिला. या तिन्ही पातळ्यांचा एकत्रित विचार केला तरच 'प्रचारकी' आणि 'कलात्मक' या ठोकळेबाज वर्गवारीतून बाहेर पडता येईल. असे वाचन शाहिराला सरसकट मोठे ठरविण्यासाठी नाही. काही गीते या तिन्ही पातळ्यांवर सामान्य ठरतील, काही केवळ प्रसंगापुरती ठरतील. पण काहींचे मोल आज दिसते त्याहून अधिक असल्याचेही ध्यानी येईल.

निष्कर्ष :

१) अमर शेख यांच्या काव्याची मुळे बार्शीच्या श्रमिक जीवनात, आईकडून मिळालेल्या लोकगीतांच्या संस्कारात आणि कामगार सभेत आहेत. त्यामुळे त्यांच्या रचनेत चाल आणि श्रोता हे घटक शब्दांइतकेच मूलभूत आहेत.
२) लाल बावटा कलापथकातील कर्तृत्व सामूहिक आहे. एका लेखकाच्या नावावर एक संहिता या कल्पनेने त्याचे आकलन होत नाही.
३) 'कलश' हा संग्रह चळवळीच्या भरात आलेला असल्याने, चळवळ ओसरल्यावर अमर शेख कवितेकडे वळले हा समज स्वीकारता येत नाही.
४) त्यांच्या छापील कवितेची मर्यादा आवाजाला पानावर पर्याय न मिळण्यात आहे. ती मर्यादा मान्य करूनही हे संग्रह फडावरील शब्द आणि मुक्तछंदातील शब्द यांमधील दुवा म्हणून महत्त्वाचे ठरतात.
५) १९६० नंतर चित्रपट, पुस्तक आणि राष्ट्रीय प्रसंगीचे गायन या वाटांनी त्यांच्या कलेचा एकेक अंश टिकविला. त्यांची संपूर्ण कला केवळ सभेतच प्रकट होत होती. म्हणून या काळाला कलावंताचा ऱ्हास न मानता सभेचा अस्त मानणे अधिक न्याय्य ठरेल.

समारोप :

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, ही समाधानाची बाब आहे. त्यांच्या जन्मजिल्ह्यातील महाविद्यालयांची जबाबदारी मात्र वेगळी आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर विद्यापीठाच्या परिसरात बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट अशा विविध ठिकाणी मराठीचे विभाग आहेत. ज्यांनी गिरणीच्या दारात आणि तालुक्याच्या मैदानात शाहिरांची गाणी प्रत्यक्ष ऐकली, त्या पिढीतील माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांच्या कंठात उरलेल्या चाली ध्वनिमुद्रित करणे, त्यांच्या सोबतीने छापील संहिता पुन्हा वाचणे आणि त्या चालींसह अमर शेखांची कविता वर्गात शिकविणे हे काम मराठी, इतिहास आणि संगीत या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे. ते वेळेत झाले नाही तर पुढील पिढीच्या अभ्यासकापुढे केवळ पुस्तके उरतील आणि त्या पुस्तकांतील शब्द कोणत्या तालावर चालत होते हे सांगणारे कोणी उरणार नाही.